दोन वितींचं इंजिन

बाबा: …पळून जायला इंजिन सुरू केलं, आणि ते फिरलं उलटं! पुढे जायचं सोडून होडी निघाली मागे, थेट हिच्या आजोबांच्या धक्क्याला. भर दुपारची वेळ, आणि धक्क्यावर खुद्द आजोबा उभे!

मिस्त्री: काका, मी विचारलं होतं, होडी किती फुटांची आहे.

बाबा: तेच तर सांगतोय. सोळा फुटांची. त्यात मी, हिची आई आणि एक पत्र्याची ट्रंक.

लेक: मिस्त्री, तुम्ही मध्ये तोडू नका. ही गोष्ट मध्ये तोडली की बाबा पहिल्यापासून सुरू करतात. आमच्या ह्यांनी एकदा तोडली होती, दुपारचं जेवण चार वाजता झालं.

मिस्त्री: होऊ दे मग. पुढे?

बाबा: पुढे काय! आजोबांनी पाय उचलला आणि होडीला अशी सणसणीत लाथ घातली, की आम्ही गेलो भर प्रवाहात. मी म्हटलं, झालं, बापाने लेकीला निरोप दिला. तेवढ्यात ही किंचाळली. ही म्हणजे हिची आई. मला वाटलं, माहेर आठवलं. तर बाईसाहेबांची एक चप्पल पाण्यात!

लेक: लग्नाच्या फोटोत आई अनवाणी आहे. पाय झाकायला पुढे फुलदाणी ठेवलीय, पण अंगठा दिसतो.

मिस्त्री: आणि इंजिन कुठलं होतं?

बाबा: हे! हेच! अहो, आत पाऊल टाकलं, ह्याला बघितलं आणि अंगावर काटा आला. हेच चाक, ह्याच पितळेच्या तेलाच्या वाट्या. मिस्त्री, मी ह्याला मिठी मारली तर चालेल का?

मिस्त्री: मारा. सदरा काळा होईल.

लेक: बाबा, थांबा! ते तिसरं आहे. घरून निघताना काय ठरलं आपलं? तिन्ही इंजिनं ओळीने बघायची, नीट विचार करायचा, आणि एखादं आवडलं तर चेहरा कोरा ठेवायचा.

बाबा: माझा चेहरा कोराच आहे.

लेक: तुमच्या डोळ्यांत पाणी आहे.

बाबा: पेट्रोलचा वास आहे इथे.

मिस्त्री: चेहरा कसाही ठेवा, ताई, माझ्याकडे घासाघीस नसते. इंजिन कुणाला द्यायचं ते मी ठरवतो. काल एक जण आला होता, त्याला दिवाणखान्यात ठेवायला हवं होतं. शोभेला. चहा पाजला आणि घालवून दिला.

बाबा: बरं केलंत! पाणीसुद्धा दिलं नसतं मी.

मिस्त्री: तुम्ही काय करता, काका?

बाबा: सुतार. पन्नास वर्षं लोकांच्या दारंखिडक्या केल्या. होडी एकच केली, ती पहिली. सासऱ्यांच्या घरी खिडक्या बसवायला गेलो होतो, तिथे हिची आई भेटली. मग म्हटलं, दारातून काही ती मिळणार नाही, होडीच करावी.

मिस्त्री: आणि तुम्ही, ताई?

लेक: मी शिवणकाम करते. आमचं असं आहे, मिस्त्री. पुढच्या रविवारी ह्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. आईला काय हवं विचारलं, तर म्हणाली, मला त्याच होडीतून, त्याच वाटेने फिरवून आणा.

मिस्त्री: होडीतलं पहिलं इंजिन कुठे गेलं?

बाबा: नाव काढू नका.

लेक: आईने भंगारात दिलं. बाबा दर हिवाळ्यात ते सोडवून घरात आणायचे आणि जेवायच्या टेबलावर पसरायचे. एकदा आमटीत नट निघाला.

बाबा: एकच!

लेक: तो माझ्या ताटात आला होता, बाबा.

मिस्त्री: मग होडी?

लेक: परसात. तीस वर्षं तिच्यात कोंबड्या राहतायत. पण सांगाडा शाबूत आहे, मागच्या महिन्यात बाबांनी फळ्या बदलून घेतल्या, रंग लावून घेतला. आता फक्त इंजिन हवं. आणि आईच्या अटी आहेत. एक, इंजिन तसलंच हवं, तोच आवाज हवा. आणि दोन, सुरू बाबांनीच करायचं. दुसऱ्या कुणी सुरू केलं तर म्हणे, मी काठावर उभी राहून हात हलवीन, तुम्ही या जाऊन.

मिस्त्री: काका, हात दाखवा.

बाबा: कशाला? भविष्य सांगताय?

मिस्त्री: ह्या जुन्या इंजिनांना हाताने चाक फिरवावं लागतं. नीट धरलं नाही तर चाक उलटा फटका मारतं. मागच्या वर्षी एका साहेबांचं मनगट मोडलं. तेव्हापासून मी हात बघितल्याशिवाय इंजिन देत नाही.

बाबा: हात ठणठणीत आहेत. आधी इंजिनं बघू. हे काय, पहिलं कुठलं?

लेक: बाबा, खिशातून हात तर काढा.

बाबा: गारठा आहे.

लेक: मी घामाने भिजलेय!

मिस्त्री: राहू दे, ताई. बघू सावकाश. हे पहिलं. ह्याला मी साहेब म्हणतो. दोन सिलिंडर, डिझेल, बटण दाबलं की सुरू. कधी दगा देणार नाही.

लेक: बटण! बाबा, बटण आहे! मला साहेब आवडले.

बाबा: तू आता चेहरा कोरा ठेव.

मिस्त्री: पण वजन बघा. उचलायला चार माणसं लागतात. सोळा फुटी होडीत बसवलं तर होडी मागे बसेल आणि नाक वर करील. पुढे कोण बसणार म्हणालात?

बाबा: हिची आई.

मिस्त्री: मग त्यांना आकाशच दिसेल. शिवाय साहेब चालताना थरथरतो. जुन्या फळ्यांचे खिळे ढिले होतील.

लेक: गेले साहेब. दुसरं?

मिस्त्री: हे छोटं. भुंगा. पाण्याच्या पंपाचं आहे, दोरी ओढली की सुरू. हलकं आहे, एका माणसाला उचलतं. पण फार जोरात फिरतं. पाण्यातला पंखा लहान लावावा लागेल, आणि आवाज असा, की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येणार नाही.

बाबा: पन्नास वर्षांनी बायकोला फिरायला न्यायचं आणि बोलणं ऐकू येणार नाही! तसं काही वाईट नाही म्हणा.

लेक: आईला सांगू?

बाबा: गंमत केली! अगं ठमे, गंमत केली!

मिस्त्री: आणि हा तिसरा. म्हातारा. एकच सिलिंडर, हे एवढं चाक. सावकाश फिरतो, पण पंखा मोठा ओढतो. सोळा फुटी लाकडी होडीला ह्याच्यासारखा दुसरा जोडीदार नाही. वजन खाली, मधोमध. ह्याला गिअर नाही, काही नाही. पुढे चालतो तसाच मागेही चालतो, त्याची मर्जी.

बाबा: मर्जी नाही, मिस्त्री, मर्जी नाही! मागे जायचं असलं की कळ बंद करायची. चाक थांबत आलं, अगदी थांबणार, की पुन्हा कळ दाबायची. मग ते आपटी खाऊन उलटं फिरतं. पण तो क्षण पकडावा लागतो. हिची आई म्हणायची, हे गाणं म्हणतायत की होडी लावतायत.

मिस्त्री: वा. हे येणारा माणूस मला सात वर्षांनी भेटला.

बाबा: मग ठरलं! हाच! ठमे, वही काढ.

लेक: ही घ्या. मिस्त्री, होडीतली इंजिनाची बैठक केवढी, ते ह्या वहीत आहे. होडी बांधताना लिहिलेलं. "बैठकीची लांबी दोन विती, नेमक्या."

मिस्त्री: विती? इंच नाहीत?

बाबा: माझी सगळी होडी माझ्या वितीवर बांधलीय. टेप विसरतो माणूस, हात विसरत नाही.

मिस्त्री: घरी जाऊन टेपने मोजून का नाही आणलं?

लेक: बैठकीवर कोंबडी बसलीय. बरोब्बर मधोमध. अकरा अंडी घेऊन. पिल्लं बाहेर यायला अजून चार दिवस आहेत, आणि आईने दम दिलाय, तिला उठवायचं नाही. बाबांनी परवा नुसता हात पुढे केला तर कोंबडीने नाही, आईने फटका मारला.

मिस्त्री: बरं. मग मोजा, काका, वितीनेच.

बाबा: मोजतो. तुम्ही दोघं जरा तिकडे बघा.

लेक: का?

बाबा: कुणी बघत असलं की माझं माप चुकतं.

लेक: बाबा, तुम्ही आमच्यासमोर अख्खा जिना मोजलाय.

बाबा: तिकडे बघ म्हटलं ना! हं. एक… दोन… आणि वर… अरेच्चा. पुन्हा. एक… दोन… अडीच. अडीच आणि वर बोटभर.

मिस्त्री: अडीच?

बाबा: मोठं आहे. मिस्त्री, हे त्याच जातीचं नाही. कारखानेवाल्यांनी नंतर वाढवलेलं दिसतंय.

मिस्त्री: ह्या जातीचं एकच माप निघालं, काका. चाळीस वर्षं तेच.

बाबा: मग हे वाढलं असेल! उन्हात ठेवलं होतं का?

मिस्त्री: लोखंड आहे. भोपळा नाही.

बाबा: बसत नाही म्हणजे बसत नाही. बैठक दोन विती, हे अडीच. जागा वाढवायची तर आडवी फळी कापावी लागेल, आणि ती कापली की होडीचा कणाच गेला. तो भुंगा बघू. एक… दोन. बरोबर दोन. घ्या. हे बसेल.

लेक: भुंगा? बाबा, आई म्हणाली होती, तोच आवाज हवा.

बाबा: समजावीन मी तिला. सुरू तर मीच करणार ना? दोरी ओढायची, झालं. चला, बांधा भुंगा. चहा नको. उशीर होतोय.

लेक: थांबा. माझ्या पर्समध्ये टेप आहे. धरा हो मिस्त्री ते टोक. म्हातारा… अठरा इंच. भुंगा… चौदा.

मिस्त्री: अठरा म्हणजे दोन विती. वीत नऊ इंचांची धरतात.

बाबा: ती लोकांची वीत! माझी वेगळी आहे!

लेक: केवढी आहे, बाबा?

बाबा: तुझा टेप जुना झालाय. ताणला गेलाय.

लेक: …हो. असेल.

मिस्त्री: ताई, टेप ताणला तर माप कमी भरेल आणि…

लेक: मिस्त्री, एक मिनिट. बाबा, तुम्हाला माहितीये, माझ्याकडे कित्येक जुनी गिऱ्हाइकं आहेत. वीस वर्षं मापं घेते त्यांची. दर वर्षी उंची थोडी कमी भरते, खांदे थोडे कमी भरतात. ती म्हणतात, तुझा टेप ताणला गेलाय. मी म्हणते, हो, नवा आणायला हवा. आणि बाही गुपचूप आखूड कापते. पण आज कापून चालणार नाही ना. आज भुंगा घेऊन गेलो तर बैठकीत चार इंच मोकळे राहतील, आणि आई काठावर उभी राहून हात हलवील. हात दाखवा, बाबा.

बाबा: ठमे…

लेक: दाखवा.

बाबा: हा घे. बघ. उघडत नाही. अंगठा असा बोटांना चिकटलेला असतो, दुसऱ्या हाताने ओढला तरच जरा बाहेर येतो. दीड वर्ष झालं. सकाळी तर मूठ सोडवायला कढत पाणी लागतं. झालं समाधान?

लेक: मला का नाही सांगितलंत?

बाबा: सांगून काय? तुम्ही लगेच होडी विकायला काढली असती. बाबा, आता बसून राहा, बाबा, आता टीव्ही बघा. आणि तुझ्या आईने अट घातलीय, सुरू तुम्हीच करायचं. माझी वीत जाऊ दे गं. माझ्याने ते चाक फिरलं नाही तर मी तिच्यासमोर कसा उभा राहू? तिने माझ्या भरवशावर एक चप्पल घालून घर सोडलं होतं.

लेक: बाबा. इकडे बघा. हा माझा हात. लहानपणी तुम्ही म्हणायचात ना, हिने नाक आईचं घेतलं आणि पंजा माझा चोरला? शाळेत मला बोटांवरून चिडवायचे, कुठल्याच बांगड्या हातात जायच्या नाहीत. थांबा, म्हाताऱ्यावर ठेवते. एक… आणि… दोन.

मिस्त्री: नेमक्या.

लेक: केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही! बाबा, बसतंय! बसतंय ते!

बाबा: पुन्हा मोज. तिकडून मोज. …अरे! अगं, ही माझी वीत आहे! ही माझी वीत हिच्याकडे आहे, मिस्त्री, आणि मी इतकी वर्षं हिला कात्री धरायला लावली!

मिस्त्री: म्हणजे म्हातारा बसतो. पण सुरू कोण करणार, ते राहिलं.

लेक: मी करते. आईला समजावीन. आणा ते चाक. बाजूला व्हा.

मिस्त्री: हळू, ताई, जोर नाही लावायचा… नाही, तसं नाही… ताई!

लेक: आई गं! हे इंजिन आहे की माणूस? हाकलून दिलं मला!

मिस्त्री: अंगठा गुंडाळलात ना चाकाच्या दांडीभोवती. तीच चूक सगळे करतात, त्यानेच मनगटं मोडतात. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. बोटांचा नुसता आकडा करायचा, दांडीला अडकवायचा. चाकाने फटका मारला की आकडा आपोआप सुटतो. सहा महिने शिकवतो मी लोकांना, तरी अंगठा आत जातोच… काका, तुमचा हात पुन्हा दाखवा.

बाबा: आता किती वेळा दाखवू? तिकीट लावा.

मिस्त्री: दाखवा तर. …काका, हा आकडाच आहे.

बाबा: काय?

मिस्त्री: बोटं वळलेली, अंगठा बाजूला. तुमचा हात उघडत नाही, पण दांडीला असाच हात लागतो. ठेवून बघा.

लेक: बाबा, ठेवा.

बाबा: …बसला की गं.

मिस्त्री: आता ढकलायचं नाही…

बाबा: माहीत आहे! झुलवायचं. मागे, पुढे, मागे, पुढे, पाळण्यासारखं. आणि ते दबलं की सोडून द्यायचं, बाकीचं तो करतो. ठमे, मागे सर. मिस्त्री, ते मागचं पाण्याचं पिंप भरलेलं आहे ना? पंखा पाण्यात आहे ना?

मिस्त्री: आहे. चाचणीसाठी कायम असतं.

लेक: थांबा, थांबा, आईचा फोन येतोय! आई, बोलू नकोस, नुसती ऐक. हो, फोन इंजिनाजवळच धरते. ऐक हां!

बाबा: मागे… पुढे… मागे… आणि हा गेला!

(टुक्. टुक्. टुक्-टुक्-टुक्. पिंपातलं पाणी उसळून मिस्त्रींच्या अंगावर.)

मिस्त्री: उलटं! काका, उलटं सुरू झालंय! बंद करा, पार भिजलो मी!

बाबा: उलटं! ठमे, उलटं चाललंय! अगदी तसंच! हा हा! हा अजून तसाच बेशिस्त आहे! थांबा, मिस्त्री, हलू नका, आता बघा. कळ बंद… चाक थांबतंय… थांबतंय… अजून… आत्ता!

मिस्त्री: पकडलं! अहो, पहिल्या झटक्यात पकडलं! सुलटं झालं!

लेक: बाबा, तुम्ही नाचताय!

बाबा: मी नाही, जमीन हलतेय! मिस्त्री, तुम्हीही नाचा, तुम्ही तर आधीच ओले आहात!

मिस्त्री: घेऊन जा, काका. आजच घेऊन जा. हा तुमचाच आहे.

बाबा: ठमे, तिला ऐकू गेलं का? विचार. विचार ना!

लेक: आई? ऐकलंस? …बाबा, आई विचारतेय, पहिल्यांदा उलटं सुरू झालं ना?

बाबा: तिला फोनवर कसं कळलं?

लेक: म्हणतेय, तुमचं पहिल्यांदा नेहमी उलटंच होतं. …हो, आई. हो गं, त्यांनीच सुरू केलं. …काय? …खरंच?

बाबा: काय म्हणतेय? हाताचं काही सांगू नकोस तिला.

लेक: बाबा, तिला सगळं माहीत आहे. म्हणतेय, दीड वर्ष सदऱ्याची बटणं मी लावतेय, मला कळणार नाही? म्हणतेय, म्हणूनच हे इंजिन आणायला लावलं. हात उघडत नाही, पण माझा हात धरताना अजून घट्ट धरतात, त्या पकडीने चालेल असं काहीतरी फिरवायला द्या म्हटलं.

बाबा: …असं म्हणाली?

लेक: असं म्हणाली.

बाबा: बघ बरं, अजून आहे का ती फोनवर?

लेक: नाही, ठेवला. घाईत होती.

बाबा: कसली घाई? रविवारला अजून नऊ दिवस आहेत.

लेक: चपला बघायला गेलीय. म्हणाली, या खेपेला मी त्या हातात घेऊनच बसणार आहे.